शिमग्याच्या गाण्यातला हंडा

मी लग्न केलं ते शिमग्याच्या एका गाण्यावर.

माझं माहेर भुकूम. शिमग्यात कोळवण खोऱ्यातली पोरं ढोलकी घेऊन आमच्याकडं पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिशी, मागायला यायची. त्या वर्षी ढोलकीवाला उंच, काळासावळा होता. आमच्या अंगणात उभा राहून त्यानं स्वतः रचलेलं गाणं म्हटलं:

राणी माझी येईल गं, जोत्यावर बसंल गं,
पाण्याला मी जाईन गं, हंडा मी वाहीन गं!

सगळ्या बाया हसल्या. मी मात्र नुकतीच विहिरीवरून आले होते, डोक्यावर दोन हंडे तसेच होते.

चैत्रात त्याच मुलाचं स्थळ आलं. आई म्हणाली, "गान्यावर भाळून लगीन करतीस व्हय?" मी खाली मान घालून म्हटलं, "व्हय."

सासरी सोळावा दिवस उजाडला आणि सासूबाईंनी हंडे पुढं केले. मी जोत्यावर बसले.

"आत्याबाई, पानी त्ये आननार हायेत."

"कोन त्ये?"

मी ह्यांच्याकडं बोट केलं. ह्यांचा चेहरा पार पडला. "आगं, शिमग्याचं गानं हुतं ते! शिमग्यातलं कुनी खरं धरतं व्हय?"

"म्या धरलं."

आता सासूबाई माझी हजेरी घेणार, या भीतीनं मी पदर घट्ट धरला. पण त्या लेकाकडं वळल्या. "आसं गायलास तू? चारचौघांत?"

"गायलो."

"मंग उचल हंडा."

विहिरीवर बाया हंडे भरायचं सोडून बघत राहिल्या म्हणे. मग एक म्हातारी ह्यांना म्हणाली, "काय रं, घरातल्या बाया मेल्या का?" हंड्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळही ह्यांना करता येईना. घरी आले तेव्हा हंडा अर्धा आणि हे नखशिखांत भिजलेले. मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं जाऊ लागलो. एक हंडा मी घ्यायची, एक हे. ते मात्र खांद्यावर घ्यायचे.

पुढच्या शिमग्यात पोरांनी ह्यांच्यावरच गाणं केलं. सगळा गाव चिडवत होता. हे चिडले नाहीत. ढोलकी ओढून घेतली आणि ओळ जोडली, 'दारात नळ येईल गं, हंडा सुटून जाईल गं!'

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. एक जण ओरडला, "आरं, मुळशीच्या धरनाचं पानी डोंगरापल्याड म्हमईची ईज कराया जातंय, तुज्या दारात कुटलं येतंय?"

मीही हसले. नळ आम्ही पुण्यातच पाहिलेला. पण गर्दीतल्या साऱ्या बाया ह्यांना ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होत्या, आणि दर वेळी सोबत गाणाऱ्या बायांचा आवाज वाढत होता.

सकाळी उठून पाहते तर सासूबाई दारापुढचं कोंबड्यांचं डालगं ओढत होत्या.

"हे का वं हलवताय?"

"आगं, उद्या नळ आला तर बसवायचा कुटं?"