नियातकाकूंच्या हातची कोळंबी

सिनफातकाका म्हणजे आमच्या पोंटियानाक शहरातल्या गल्लीतला एक नंबरचा हट्टी माणूस. जन्मभर कापुआस नदीवरच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, आणि जीव लावला तो पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतल्या लालभडक अरोवाना माशाला. मासा चांगला हातभर लांब, तोंड असं की अख्खा बेडूक गिळेल. काका सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईल तर शपथ. इंजिन बिघडवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारीही काका त्यालाच सांगायचे. त्यांची बायको नियातकाकू म्हणायच्या, "सवतीचे तरी एवढे लाड कुणी करत नसेल."

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरलं. आणि या बाबानं काय करावं? रोज सकाळी बायकोला टाकीपुढे बसवायचं आणि तिच्या हातात कोळंबी द्यायची. मासा वर यायचा, बघायचा आणि तोंड फिरवून जायचा. काका पुन्हा कोळंबी द्यायचे. एक दिवस काकू माझ्याकडे येऊन ढसाढसा रडल्या. मी मरायला टेकलेय आणि यांना माशाचे लाड सुचतायत, म्हणाल्या.

माझं डोकंच सणकलं. शेवयांची गाडी नवऱ्यावर सोडून तडक गेले आणि काकांना नको नको ते बोलले. मग ते हळूच म्हणाले, "अगं, मालकाचं मरण मासा स्वतःवर घेतो ना? पण ज्याच्या हातचं खातो, त्याचंच घेतो. तिच्या हातचं तो खातच नाही गं."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. मासा टाकीबाहेर उडी मारून मेला की घरावरचं संकट गेलं, म्हणतात. एवढ्या मायेनं वाढवलेला जीव हा माणूस बायकोसाठी द्यायला निघाला होता, आणि मी त्यालाच दगडाच्या काळजाचा म्हणाले होते.

दवाखान्यात जायच्या सकाळी मी भाड्याची मोटारगाडी घेऊन गेले. काकूंनी सवयीनं कोळंबी धरली. माशानं ती एका झटक्यात गट्टम केली. काकांच्या डोळ्यांना धार लागली. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

निघताना काकूंची नजर टाकीच्या झाकणावर गेली. माशानं उडी मारू नये म्हणून त्यावर कायम वीट असायची. ती खाली काढून ठेवली होती आणि झाकण अर्धं सरकवलेलं होतं. काकू याच गल्लीत वाढलेल्या. त्यांना सगळं कळलं.

"झाकण लावा. वीट ठेवा वर," काकू म्हणाल्या.

"राहू दे ना, नियात."

"ठेवा म्हणते ना. मी परत आले नाही, तर या घरात तुम्ही बोलणार कुणाशी?"

काकांनी झाकण लावलं, वीट ठेवली आणि तिथेच उभे राहिले. शेवटी काकूंनीच हाताला धरून त्यांना गाडीत आणून बसवलं.