राजाला भिणारे पाळक

चर्चच्या दाराशी आले की ते चपला काढायचे, चौकटीला हात लावायचे आणि रिकाम्या चर्चला हळूच विचारायचे, "आत येऊ का?" क्षणभर थांबायचे, मग मान खाली घालून आत जायचे. आमच्या गावचे पाळक होते ते. स्वतःच्याच चर्चमध्ये परवानगी मागून शिरणारा पाळक तुम्ही पाहिलाय का? मी तेवढा एकच पाहिला.

मी गावच्या शाळेत मास्तर. माझी खोली त्यांच्या ओसरीला लागून होती. मी काही ख्रिस्ती नव्हे, म्हणून एकदा धीर करून विचारलं, "कुणाला विचारता हो?"

"राजाला," वर बोट करत ते म्हणाले. "घर त्याचं आहे, मास्तर. आपण रोज येतो म्हणून ते आपलं होत नाही."

तसा हा माणूस विलक्षण भित्रा. गल्लीतलं कुत्रं उठेल म्हणून वळसा घालून जायचे. एसटीत कंडक्टरला गाडी थांबवा म्हणायला जीभ रेटायची नाही, मग पुढच्या गावाला उतरून उन्हातून चालत मागे यायचे. "जाऊ द्या हो, त्यांना कशाला त्रास," म्हणायचे. गाव हसायचं. मीही हसायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. श्रीगोंद्याकडच्या आमच्या भागात एकेक विहीर तळाला गेली. चर्चच्या आवारातल्या विहिरीला मात्र पाणी टिकून होतं. पाळकांनी फाटक उघडं ठेवलं आणि साऱ्या वस्त्यांवरच्या बाया तिथं येऊ लागल्या.

एका संध्याकाळी चर्चचा कारभार पाहणारे पंच त्यांच्या ओसरीवर जमले. मी माझ्या उंबऱ्यावर बसलो होतो. मुख्य पंच म्हणजे धिप्पाड, बागाईतदार माणूस. ते म्हणाले, "पाळकसाहेब, उद्यापासनं फाटक बंद. पानी आपल्या मानसांपुरतंच हाय."

पाळकांनी कपबशी खाली ठेवायला घेतली. धोतरावर चहा सांडला. "विहीर राजाची आहे," ते म्हणाले. "आपण नुसते राखणदार."

"मग राजा काय पानी बघाया येतोय व्हय?" कुणीतरी हसलं.

"येतो. म्हणून तर भीती वाटते."

मुख्य पंचांचा आवाज चढला. "तुमची बदली करून टाकू आमी."

"करा," पाळक म्हणाले. "तुमचीही भीती वाटते मला. खोटं कशाला सांगू? पण त्याची जास्त वाटते."

फाटक उघडंच राहिलं. पुढं पाणी वाढलं-बिढलं नाही. वैशाख सरायच्या आत विहिरीत चिखल उरला आणि सगळ्या गावाबरोबर चर्चची माणसंही सरकारी टँकरची वाट बघत उभी राहिली. पाळकही घागर घेऊन रांगेत असायचे. त्यांच्याच मंडळीतली एक बाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "आता तुमच्या राजाला म्हनावं, धाड पानी."

"मागतोय, बाई," ते म्हणाले. "रोज मागतोय. पण त्याला हुकूम नाही ना सोडता येत."

मग त्यांची घागर तिनं आपल्या पुढं ओढून घेतली.

त्यांची बदली झालीच, पार जामखेडच्या पलीकडं. सामान एसटीपर्यंत गेलं ते मुख्य पंचांच्या बैलगाडीतून. पंच स्वतः गाडी हाकत होते. ट्रंक टपावर चढवताना कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात पाळक वारल्याचं कळलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका लग्नाला तिकडं गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटलो. रविवार होता. पत्र्याच्या एका खोलीत उपासना चालली होती. समोर दोन म्हाताऱ्या, त्यातली एक पेंगत होती. पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली, आणि हे इस्त्रीचा पांढराशुभ्र झगा घालून, घामानं निथळत, प्रत्येक गाण्याचं प्रत्येक कडवं म्हणत होते. एक ओळही गाळली नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अहो, दोन म्हाताऱ्यांसाठी एवढ्या उन्हात झगा कशाला घातला?"

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं.

"त्यांच्यासाठी कुठं घातला, मास्तर?"