कॅनचं पाणी

"सिस्टर, ही मुलगी गोळ्या खात नाही."

"खाते, सर."

"मग एचबी का वाढत नाही?"

डॉक्टरांनी तपासणीचं कार्ड माझ्याकडे सरकवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस होता. व्हरांड्यात बाया ताटकळल्या होत्या, पंखा नुसता आवाज करत होता आणि माझी कंबर सकाळपासून धरली होती. मी आरोग्य सेविका आहे. पांढरकवड्याच्या बाजूची काही गावं आणि तांडे माझ्याकडे आहेत. गावात मला सिस्टर म्हणतात, तांड्यात मॅडम म्हणतात, आणि एचबी वाढला नाही की वरचे साहेब 'तुमची केस' म्हणतात.

निकिता माझी केस होती. स्टुलावर मान खाली घालून बसली होती. वय अठरा पूर्ण. मी आधार कार्डावर थांबत नाही, शाळेचा दाखला मागते. दाखलाही अठराच म्हणत होता. अठरा भरले, लग्न लावलं, लगेच दिवस राहिले. कायद्यात बसतं. शरीरात बसत नाही. ह्या वयात मुलीची स्वतःची हाडं अजून भरत असतात. त्यात पोटातलं बाळ हाडांसाठी कॅल्शियम मागतं, रक्तासाठी लोह मागतं. ताट एक, जेवणारे दोन, आणि दोघेही वाढत्या अंगाचे.

एचबी म्हणजे हिमोग्लोबिन. रक्तातला लाल भाग, तो लोहापासून बनतो. गरोदर बाईचा अकरा तरी असावा. निकिताचा साडेसात होता आणि महिनाभर गोळ्या खाऊनही तिथेच होता. सातच्या खाली गेला आणि बाळंतपणात रक्त गेलं, तर यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाईजवळ तग धरायला काही उरत नाही. हे मी एकदा पाहिलं आहे. पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

"कारण शोधा," डॉक्टर म्हणाले. "तोवर मी इंजेक्शनचं बघतो. सध्या स्टॉक नाही."

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यावर आकडे भरायचं सरकारी पोर्टल आहे आणि माझ्यावर ते आहेत.

कारण शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे. पहिलं म्हणजे गोळी खरंच पोटात जाते का. पुष्कळ घरांत ती फळीवरच्या डब्यात जाते. मी निकिताला बाजूला घेऊन विचारलं, "शौचाले काळी होते का?" ती लाजली आणि हो म्हणाली. लोहाची गोळी खाणाऱ्याची शौच काळी होते. ही खूण पाकिटं मोजण्यापेक्षा खरी. म्हणजे गोळी जात होती.

दुसरं, चहा. चहासोबत घेतलेली लोहाची गोळी निम्मी वाया जाते. तिसरं, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेणं. दोघी एका दारातून आत जाऊ पाहतात आणि एकमेकींना अडवतात. निकिता लोहाची गोळी लिंबू-पाण्याबरोबर घेत होती आणि कॅल्शियमची जेवणानंतर. आमच्या आशाताई वनिता तिच्याकडून हे पाठ करून घ्यायच्या. जंताची गोळी दिलेली होती. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा जो आनुवंशिक आजार आमच्या भागात आढळतो, त्याची तपासणी निगेटिव्ह होती.

क्रम संपला. एचबी साडेसातच.

कापूस वेचायचे दिवस होते. अशा दिवसांत तांड्यात दुपारी म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी असतात, म्हणून मी आणि वनिता सकाळीच गेलो. निकिता अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सासू चंदाबाई दारात गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. तिचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले आहेत आणि उठताना ती चौकटीला धरून आधी देवाला, मग नवऱ्याला दोन शब्द ऐकवते.

"या मॅडम. आता काय चुकलं आमचं?"

"चुकलं कोण म्हणते? पोरीचं रक्त वाढून नाही राह्यलं, ते पाहाले आली."

"वाढीन कसं? खातच नाही पोट्टी. भाकर देतो, वरण देतो, अंडं देतो. दोन घास खाते अन् पोट धरून बसते."

हे मला नवीन होतं. "कधीपासून पोट दुखते वं?" मी निकिताला विचारलं.

"इथं आल्यापासूनच थोडं थोडं." तिने सासूकडे पाहिलं. "पोट फुगते. तहान लय लागते. पाणी पेलं का बरं वाटते, मंग पुन्हा दुखते."

"म्या म्हटलं, माहेरची याद येऊन राह्यली असन," चंदाबाई म्हणाली.

"याडी, माहेरची याद पोटात येते का?" निकिता सासूला म्हणाली. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई.

वनिता हसली. चंदाबाईही हसली. तिच्या दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले. त्या तांड्यात असे दात बहुतेकांचे आहेत. निकिताचे मात्र पांढरे आहेत, तिचं माहेर महागावकडे. मी ते पाहिलं आणि त्यावर काहीच विचार केला नाही. रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते.

मग चंदाबाईने नेहमीसारखं सुनेला सांगितलं, "मॅडमले पाणी दे. कॅनचं दे बरं, पंपाचं नको."

निकिताने कोपऱ्यातल्या निळ्या कॅनमधून स्टीलचा ग्लास भरून दिला. त्या घरी मी दर वेळी असाच ग्लास प्यायले होते. ह्या वेळी तो हातातच राहिला.

"चंदाबाई, हे कॅनचं. मंग ही कोणतं पिते?"

"घरचंच. पंपाचं. दारातच तं हाये."

"अन् तुम्ही?"

"आमी विहिरीचं आणतो, नाल्यापलीकडून. कॅन पोरगा आणते फिल्टरच्या मशीनवरून, त्याच्यासोबत वावरात जाते. मांगं राह्यलं तं पाव्हण्याले."

"हिला विहिरीचं नाही देत?"

चंदाबाईचा चेहरा बदलला. "मॅडम, मी पाण्याचा एक गुंड भरून आणतो, त्यात बुढ्याचं अन् माहं भागते. दुसरा मले झेपत नाही. अन् तिले मी चढावरून भरला गुंड घेऊन येऊ देत नाही. माहं पयलं लेकरू त्या वाटेवरच गेलं, सातव्या महिन्यात. पोटुशीनं तो चढ चढायचा नाही म्हंजे नाही. म्हणून तिले सांगतलं, तू दारातलंच पे. सैपाकही त्याचाच कर."

मी उठून पंपाजवळ गेले. हातपंपाच्या दांड्याखाली, मूठभर जागेत, लाल रंग शिल्लक होता.

लाल रंगाचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ह्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, पिऊ नये. फ्लोराइड हेसुद्धा खनिजच. थोडं असलं तर दातांना चांगलं, फार झालं की हाडांत जाऊन बसतं. दात पट्टेदार होतात, गुडघे आखडतात. लाल रंग लागायच्या आधी कितीतरी वर्षं अख्खा तांडा ह्याच पंपावर होता. चंदाबाईचे पाय तिथलेच.

"हा तं लाल पंप होय," मी म्हणाले.

"लाल कोठं राह्यला? रंग कवाच उडाला."

"रंग उडाला, पाणी तेच हाये."

निकिता म्हणाली, "मले तं कोणी सांगतलंच नाही." तिला सांगणार कोण? ती ह्या तांड्यात आली तेव्हा पंप निळसर लोखंडी दिसत होता.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "असू शकतं, सिस्टर. जास्त फ्लोराइड पोटाच्या आतलं अस्तर खराब करतं. मग लोह शोषलं जात नाही. कॅल्शियमही अडतं. पण हेच कारण आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. आधी पाणी बदला. नमुनाही पाठवा."

पाणी बदला म्हणणं सोपं. भरणार कोण, हा प्रश्न उरतो. संध्याकाळी चंदाबाईचा मुलगा, निकिताचा नवरा अविनाश वावरातून आला. मी त्याच्यासाठीच थांबले होते.

"मॅडम, गाडीवर एक कॅन बसते," तो म्हणाला.

"तुझ्या मागे दोन दोस्त बसतात, ते मी पाह्यले."

"सीझनमध्ये रोज जाणं नाही होत. वेचाई सुरू हाये."

"ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी काय? तिने तहान ठेवून द्यायची?"

तो मान खाली घालून हसला. म्हणाला, पाहतो. 'पाहतो' हा शब्द मी नोकरीत इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर पेन्शन मिळाली असती. मी वनिताला एक दिवसाआड चक्कर मारायला सांगितली आणि घरी गेले.

अविनाशने दुसरा कॅन आणला. आठवड्यात बऱ्यापैकी. ज्या दिवशी तो जात नसे, त्या दिवशी चंदाबाई दुसऱ्यांदा विहिरीवर जायची. वनिताने मला फोनवर सांगितलं, "बुढी दर दहा पावलांवर गुंड खाली ठेवते. मी म्हटलं मी आणून देतो, तं म्हणते, तू सरकारची, हे घरचं काम होय." ज्या पाण्याने तिचे पाय गेले, ते सुनेने पिऊ नये म्हणून ती त्याच पायांनी चढ चढत होती. मी तिला नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

पोटदुखी आधी कमी झाली. मग निकिता जेवायला लागली. नंतर इंजेक्शनचा स्टॉक आला आणि तिला पांढरकवड्याला नेऊन लोह शिरेतून दिलं. आठव्या महिन्यात एचबी साडेनऊच्या वर गेला. इंजेक्शनने वाढला की पाण्याने, हे डॉक्टरांना सांगता येत नाही आणि मलाही नाही. पोर्टलमध्ये इंजेक्शनचा रकाना आहे, तो हिरवा झाला. पाण्याचा रकाना नाही. नमुन्याचा रिपोर्ट आला, पिण्यास अयोग्य. ते पंपावर पूर्वीच लिहिलेलं होतं. ग्रामपंचायतीने रंगाचं पाहतो म्हटलं. शेवटी वनिताच्या घरी दाराचा उरलेला रंग होता, तो तिने मारला. थोडा तपकिरीकडे झुकतो, पण चालतो.

बाळंतपण यवतमाळला झालं. मुलगी. वजन दोन किलोच्या जरा वर, म्हणजे कमीच. रक्त गेलं, पण झेपलं. दोघी घरी आल्या. आमच्या कामात ह्याला यश म्हणतात. पंप आहे तिथेच आहे, चढही आहे, आणि त्या तांड्यात ह्या उन्हाळ्यात आणखी दोन लग्नं आहेत. दोन्ही नवऱ्या मुली बाहेरून येणार.

गरोदर बाईला सगळे विचारतात, काय खातेस. मी आता आधी विचारते, पाणी कोणतं पितेस आणि ते भरतं कोण. अर्धी दुखणी दुसऱ्या उत्तरात सापडतात.

बाळ पाहायला गेले तेव्हा चंदाबाई दारात तेल चोळत होती. मला बसवलं. निकिता पाणी आणायला उठली, तर सासूने तिला हाताने खाली दाबलं आणि स्वतः चौकटीला धरून उठली. ग्लास आणून माझ्या हातात दिला.

"कॅनचं का?" मी विचारलं.

"नाही, पंपाचं. कॅन पोरीचा होय, ती पाजून राह्यली." चंदाबाई खाली बसली आणि पुन्हा गुडघा चोळायला लागली. "पेऊन घ्या मॅडम. तुमाले कोठं आता लेकरू होते."

एका ग्लासाने काही होत नाही. मी प्याले.