पेशी चमकल्या का?

आजारपणाची फाइल एक वेळ पिशवीत घालून कपाटात ठेवता येते. किस्से कुठं ठेवणार? ते साठतच जातात.

माझा विहान दोन वर्षांचा. अंगावर सारखी गळवं, दोनदा न्यूमोनिया. मी मोबाइलवर रोज नवा आजार वाचायचे आणि संध्याकाळपर्यंत तो मलाच झालेला असायचा! शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी सांगितली. "पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत. पण त्या जंतू मारतात का, ते बघू. रक्तात एक रंग घालून एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात. लढणारी चमकते."

"म्हणजे पेशींची हजेरी!" आमचे हे म्हणाले.

"हजेरी झाली. आता परीक्षा!" डॉक्टर म्हणाले.

*

आमचे हे अहमदपूरला जनावरांच्या दवाखान्यात. लसी बर्फात जपणं हेच त्यांचं काम. विहानचं रक्त त्याच दिवशी हैदराबादच्या लॅबला पोचवायचं होतं, थंड न करता. तशी चिठ्ठीच होती डब्यावर. यांनी ती वाचली, "चुकून लिहिलं असंल," म्हणाले आणि आत चार आइस पॅक रचले!

लॅबवाल्या बाईंनी डबा उघडूनच सांगितलं, "गारठलेल्या पेशी चालत नाहीत. पुन्हा रक्त आणा."

घरी येऊन हे म्हणतात, "आजवर एक लस वाया जाऊ दिली न्हाई मी!"

"मग गाईचं रक्त न्यायचं होतं!"

विहानला पुन्हा सुई. तेव्हाच ठरवलं, आता डबा मी नेणार.

*

तुलनेसाठी नात्याबाहेरच्या निरोगी माणसाचंही रक्त लागतं. गल्लीतले किराणावाले अप्पा छाती काढून लातूरला आले. "आपण दवाखान्याची पायरी चढलेलो न्हाई!"

सुई दिसली आणि अप्पा आडवे. डोळे उघडून पहिलं वाक्य, "घेतलं का? न्हाई तर पटकन घ्या, उठलो की पळतो मी!"

*

डॉक्टरांनी माझंही रक्त घेतलं. "आईचं बघावं लागतं." एवढंच. डबा मांडीवर धरून बसमध्ये बसले.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "लाडू हायत का?"

"न्हाई, रक्त हाय. तिघांचं."

उदगीर यायच्या आधीच बाईंनी जागा बदलली. हैदराबादपर्यंत दोन्ही सीट माझ्या!

*

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आलेख दाखवले. अप्पांच्या पेशी झकास चमकलेल्या. विहानच्या जवळजवळ एकही नाही. माझ्या अर्ध्या चमकत होत्या, अर्ध्या नाही. दोष माझ्याकडून विहानकडे गेलेला. "पण आता आजाराला नाव मिळालं. आजपासून नेमकं औषध सुरू करू, पुढं बोन मॅरो बदलण्याचंही बघू," डॉक्टर म्हणाले.

मी वहीत सगळं उतरवलं. घरी येईपर्यंत रडले नाही.

घरी चुलतसासूबाई टपूनच होत्या. "म्हंजे आईकडूनच आलं म्हणा की!"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय गं, तुझ्या अर्ध्याच पेशी लढतात म्हणे?"

"हाव, आत्याबाई."

त्यांनी चुलतसासूबाईंकडं पाहिलं. "अर्ध्यांवर ही दोन राज्यांचे दवाखाने हालवायलीय. पुऱ्या असत्या तर तुझं-माझं काय खरं होतं!"