जळबाच्या उलट्या वायरी

जळबा टॉवरवर चढतो म्हटलं की लोकांना तो शूर वाटतो. शूर कसला, गोरेगावातल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात पाल दिसली तरी बाहेर पळतो. पण बारा वर्षं टॉवरच्या दुरुस्तीचं काम करतोय आणि कामाला चोख. म्हणून त्याच्या हातून झालेली ती चूक मला अजून खरी वाटत नाही.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. पुसेगावजवळच्या टॉवरच्या वायरी बदलायच्या होत्या. कोणती वायर कोणत्या अँटेनाची हे कळावं म्हणून टोकांना रंगीत टेप लावतात. टेप संपलेला. जळबानं पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग काढला आणि एका वायरीची टोकं लाल, दुसरीची केशरी केली. रंग वाळायच्या आत पावसाची सर आली आणि सगळी टोकं सारखीच झाली. यानं अंदाजानं जोडली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे तक्रारी सुरू. उभं राहून बोललं तर फोन चालतो, चालायला लागलं की कटतो. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात मात्र हिरवा दिवा. तिथला कॉम्प्युटर दर तासाला टॉवरची तपासणी आपोआप करतो. रेडिओ ठीक, वायर ठीक. पण पूर्वेची अँटेना पश्चिमेच्या रेडिओला जोडलीय आणि त्यामुळे चालत्या माणसाचा कॉल भलत्याच बाजूच्या टॉवरकडे सोपवला जाऊन तुटतोय, हे त्याला कोण सांगणार?

तक्रार ऐकताच जळबाचा चेहरा पडला. बिघाड आता कॉम्प्युटरच शोधतो म्हणून कंपनी दुरुस्तीच्या सहा माणसांतली दोन कमी करणार होती, आणि नावं त्याच आठवड्यात ठरायची होती.

"गुपचूप बदलून टाक," मी म्हणालो. "दिवा हिरवाच हाय. कोणाला कळून राहिलं?"

"अन् दुसऱ्या कोणाकडून असंच झालं तर? त्या गावाची तकलीफ कॉम्प्युटरला कवा बी दिसणार न्हाई."

मला रागच आला. माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता. त्यानं माझ्यासमोर पुण्याच्या ऑफिसातल्या त्याच्या वरिष्ठ ऐश्वर्या मॅडमना फोन लावला आणि शिंगांच्या रंगासकट सगळं सांगितलं. "वायरी नीट करा, मी बघते," एवढंच त्या म्हणाल्या. वायरी त्यानं दुपारीच नीट केल्या. कमी करायची नावं ठरणं मात्र लांबलं. त्याची बायको पेमा रोज दुकानात येऊन विचारायची, काही कळलं का.

सोळाव्या दिवशी मॅडमचा फोन आला तेव्हा जळबा आणि पेमा दोघंही दुकानातच होते. जळबानं सांगितल्यापासून, चालत्या माणसाचे कॉल कुठे तुटतात, हेही कॉम्प्युटर आता तपासायला लागला होता.

"औंढ्याच्या टॉवरवर आज तशीच चूक सापडली," मॅडम म्हणाल्या. "दोन महिने लोक ओरडत होते आणि आमचा दिवा हिरवाच. जळबा, तुम्ही जाल का? आणि हो, तुमचं काम चालू राहणार आहे. मीच सांगितलंय वर."

"व्हय मॅडम, निघालो."

तो गेल्यावर पेमा स्टुलावर बसून मनसोक्त रडली. मी तिला पाणी दिलं. गुपचूप बदलायला मीच सांगितलं होतं, याची मला फार लाज वाटली.