फुटक्या हेडलाइटचा तुकडा
गाडीच्या कप्प्यात फडकं शोधताना हेडलाइटचा फुटका तुकडा हाताला लागला आणि उमरग्यातली ती दुपार आठवली. मी वडिलांना दवाखान्यातून घेऊन निघाले होते. हायवेवर डिझेलचा वास आणि नुसता फुफाटा. चहाच्या टपरीसमोर एका जीपवाल्यानं न बघता जीप मागं घेतली आणि आमचा हेडलाइट फोडला. कुणाला लागलं नव्हतं. मी उतरून फोटो काढू लागले, तशी टपरीवरची माणसं जमली. चूक कुणाची हे कुणी विचारलंच नाही. एक म्हातारे म्हणाले, "कुठल्या गावची गं तू? आडनाव काय?" आडनावावरून जात कळली की निकाल ठरलेलाच. वडील हळूच म्हणाले, "जाऊ दे माय, चल." जन्मभर ते असेच निघून आले होते. मी म्हणाले, "आजोबा, जीप मागं घेताना ह्यांनी आडनाव विचारलं होतं का? पोलिसांना बोलावते, आडनाव त्यांनाच सांगीन." तासभर उन्हात उभी राहिले. हवालदार आले, वही उघडून त्यांनी नाव विचारलं. मी बोलायच्या आधीच गाडीतून वडील उतरले आणि सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं आमचं आडनाव त्यांनी सांगितलं. हेडलाइट कधीच बदलला. तुकडा मी पुन्हा कप्प्यात ठेवला.