बोगदा बंद पडला तेव्हा

साताऱ्यात बोगदा म्हटलं की एकच, गावाबाहेर पडताना डोंगराखालून जातो तो. पोरं आत शिरली की ओरडतात आणि पलीकडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जातं. त्यामुळं पुण्याहून आलेला टायवाला विक्रेता म्हणाला, "तुमच्या कागदांसाठी आम्ही टेलिफोनच्या तारेत खास बोगदा करतो, कुणाला काही दिसणार नाही," तेव्हा मला हसूच आलं.

"बोगद्याला दोन्ही तोंडं उघडी असतात की," मी म्हणालो. "आणि आत तुमचीच माणसं बसलेली. त्यांनी वाचलं तर?"

"काका, जगात याहून सुरक्षित काही नाही. एकदा बसवलं की आयुष्यभर बघायला नको." शेजारी बसलेली आमची नवी कॉम्प्युटरवाली पोरगी गालातल्या गालात हसली. ते मला झोंबलं.

आमचा हळदीचा व्यापार, मुख्य पेढी सांगलीला. मोठ्या गिऱ्हाइकांना द्यायचे भाव साताऱ्याच्या शाखेतून बंद पाकिटात मालकांकडं जायचे. फॅक्सवर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्रापाशी उभा असेल तो वाचतो, म्हणायचे. पाकीट न्यायचा मान चौदा वर्षं माझा. एसटीनं सांगली गाठायची, पाकीट घरी जाऊन मालकांच्या हातात द्यायचं, की त्यांची बायको, आमच्या वहिनी, आतून म्हणायच्या, "भावजी, हात धुवा, पान वाढलंय." शाखेतल्या दुसऱ्या कुणाला त्या घरात पान नव्हतं आणि हे मी सगळ्यांना ऐकवून सोडलं होतं. पगारापेक्षा मला ते पान मोठं वाटायचं.

बोगदा सुरू झाला आणि माझ्या फेऱ्या बंद झाल्या. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून आलेली ती पोरगी बटण दाबायची, मोडेम किरकिरायचा, झालं काम. मालक फोनवर आधी तिची चौकशी करायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. बरं, खोट काढावी तर तीही सापडेना. "काका, चहा घेतला का?" असं रोज विचारायची, त्याचाही राग यायचा.

एका दुपारी ती डबा खायला मागं गेली होती, तेवढ्यात विक्रेत्याचा फोन आला. "मॅडमना निरोप द्या. कॉम्प्युटरच्या सिस्टीमची नवी आवृत्ती आलीय, ती एवढ्यात घालू नका. आमचं बोगद्याचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नाही. आमची नवी सीडी येऊ दे."

आयुष्यभर बघायला नको म्हणणारा हाच तो. "सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. ती समोरून गेली की फायलीत डोकं घालायचो, बस.

चार दिवसांनी तिनं हौसेनं नवी आवृत्ती घातली आणि बोगदा बंद पडला. भाव तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सांगलीत पोचायला हवे होते. ती रडकुंडीला आली. मी शांतपणे पाकीट मागितलं आणि सकाळच्या एसटीत खिडकीची जागा धरली. त्या दिवशी कराड कधी गेलं, आष्टा कधी गेलं, मला कळलं नाही, इतका मी खुशीत होतो.

पाकीट वेळेत पोचलं. पान वाढलं. मालक शेजारी बसले.

"त्या विक्रेत्याला काल फोनवर चांगला झापला," ते म्हणाले. "तर म्हणतो, मी आधीच सांगितलंवतं, तुमच्या काकांकडं निरोप दिलावता. मग पोरीला इचारलं. म्हणाली, व्हय, काकांनी सांगितलंवतं, मीच घाई केली."

मी पोळीचा तुकडा मोडला.

"लय हुशार वाटलीवती. पण सांगितलेलं ऐकत न्हाई, असं माणूस काय कामाचं? पुढच्या म्हयन्यापास्नं नको ती. पाकीट आपलं तुमच्याकडंच."

तिची नोकरी माझ्या एका वाक्यावर होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी पोळी घेऊन आल्या, "भावजी, आणखी एक," म्हणाल्या, आणि मी पान पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती माझ्या टेबलापाशी आली. नोकरी जाणार हे तिला अजून कळलं नव्हतं.

"काका, जेवलात ना तिथं?"

"जेवलो," मी म्हणालो.